तांबड्याला कुणी सांगितलं नव्हतं

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, खळ्यावरचं शेवटचं पोतं घरात आलं, की आमच्या घरात बाबांची वळकटी बांधली जायची. एक सतरंजी, एक चादर, दोन कपडे आणि आईने तळून दिलेली तांदळाच्या पिठाची बोरं. ती वळकटी पुढे पावसाच्या तोंडावरच सुटायची. मधले सगळे महिने बाबा कल्याणकडच्या एका गवताच्या वखारीत असायचे. पंधरा-वीस दिवसांनी एखादी फेरी मारायचे. आले की त्यांच्या बनियनमध्ये, पायजम्याच्या शिवणीत, अगदी डोक्याच्या केसांतही गवताची कुसळं अडकलेली असायची. आई ती एकेक करून काढायची आणि चुलीत टाकायची. लहानपणी हिवाळा म्हटलं की मला थंडीच्या आधी ती कुसळं आठवायची.

आमचं गाव मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. खाली वहाळ, म्हणजे ओढा, वहाळाच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, त्यांच्यावर घरं आणि घरांच्या वर गवताचा माळ. पावसाळ्यात भात व्हायचं, ते पुरेल तितके महिने आम्ही खायचो. माळावरचं गवत दिवाळीनंतर कापलं जायचं, यंत्रात दाबून त्याच्या गाठी व्हायच्या आणि ट्रक भरून शहराकडच्या म्हशींच्या तबेल्यांना जायच्या. त्याच ट्रकात, गाठींवर बसून, गावातले निम्मे पुरुष जायचे. शेतात काम संपलेलं असायचं आणि वखारीत सुरू झालेलं असायचं.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, आई सहीपुरती. मुरबाडच्या कॉलेजात मी भूगोल घेतला, कारण त्याचे तास दुपारच्या एसटीच्या आत संपायचे. पण घेतल्यावर तो विषय मला आवडला. त्याचं बरंचसं श्रेय आमच्या सरांना. ते फळ्यावर काहीही काढायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचे आणि मगच खडू टेकवायचे.

शेतीचा धडा त्यांनी पहिल्याच सत्रात घेतला. निर्वाह शेती, व्यापारी शेती, सघन, विस्तृत, स्थलांतरित असे शब्द फळ्यावर आले. मग त्यांनी मधोमध एक ठिपका काढला आणि त्याच्याभोवती वर्तुळं. ठिपका म्हणजे शहर. सगळ्यात जवळच्या वर्तुळात भाजी आणि दूध, कारण ते नासतं. मग लाकूड. मग धान्य. सगळ्यात बाहेर चराईचं रान. जो माल लांबून नेणं परवडत नाही तो शहराजवळ पिकतो, जो परवडतो तो लांब, असं त्यांनी समजावलं.

मी विचारलं, "सर, म्हशींचं गवत कुठल्या वर्तुळात?"

"कुठल्या म्हशींचं?"

"शहरातल्या. आमच्या माळावरचं गवत त्यांना जातं."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग बाहेरच्या वर्तुळातून मधल्या ठिपक्यापर्यंत एक बाण काढला. "आणि गवताबरोबर माणसंही जातात का?"

"जातात, सर. माझे बाबा जातात."

त्यांनी त्या बाणाच्या शेजारी आणखी एक बाण काढला आणि म्हणाले, "पुस्तकातली जमीन सपाट असते. तुमच्या गावाची नाही. घरी गेलीस की बघ, तुमची वर्तुळं कशी आहेत."

आईला मी हे संध्याकाळी भाकऱ्या थापताना सांगितलं. निर्वाह शेती म्हणजे काय, ते तिला एका क्षणात कळलं. "पोटापुरतं. मंग तुज्या सराला सांग, आमचं पोट आठ महिने भरतं."

"आई, आपण जवळच्या वर्तुळातलं काहीतरी पिकवलं तर? भाजी?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. पण तिचं माहेर कल्याणच्या बाजूला होतं आणि तिथे तिच्या भावजया हिवाळाभर भाजी करायच्या, हे मला ठाऊक होतं. तिथले पुरुष गवताच्या ट्रकातून कुठे जात नसत. त्या वर्षी भाऊबीजेला ती माहेरी गेली आणि परत आली तेव्हा ओवाळणीच्या साडीऐवजी पदराच्या गाठीत भेंडीचं बी होतं. "भावाला बोलले, ओवाळणी हीच घाल," एवढंच तिने सांगितलं.

बाबा निघायच्या दोन दिवस आधी खळ्यावर बसून तिने विषय काढला. मी पेंढ्याच्या उडवीला टेकून बसले होते.

"वहाळाकडच्या खाचरात भेंडी लावते. डोहात गुढीपाडव्यापर्यंत पानी असतं."

"लाव," बाबा म्हणाले. "आन गुरं?"

"कुंपन घालीन."

"गावाशी वाकडं नको."

"वाकडं कसलं त्यात? आपलं खाचर, आपलं कुंपन." मग हात पुसत ती म्हणाली, "ह्या वर्षी तुमी जावा. भेंडी आली, तर पुढच्या दिवाळीला वळकटी बांधायची नाय."

बाबांनी वर बघितलं नाही. पेंढ्याची काडी मोडत म्हणाले, "बघू." पण त्या 'बघू'त नेहमीपेक्षा जास्त काहीतरी होतं, हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. ते खूश झाले की कान लाल व्हायचे.

बाबांनी गुरांचं का विचारलं, ते सांगायला हवं. आमच्याकडे भात निघालं की सगळ्या गावाची गुरं मोकळी सुटतात. पावसाळाभर ज्यांना एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पाय टाकू देत नाहीत, ती सगळ्यांच्या खाचरांतून फिरतात. धसकटं खातात, शेण टाकतात, वहाळावर पाणी पितात. "कापणी झाली, बांध मोडले," असं जुनी माणसं म्हणायची. बांध जागेवरच असायचे, पण त्यांना अर्थ नसायचा. चार महिने शेत ज्याचं त्याचं, बाकीचे महिने गावाचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कुणाला शिकवतही नव्हतं.

आईने कुंपण घातलं. बोराटीचे फाटे आणि करवंदीच्या जाळ्या तोडून आम्ही दोघींनी खाचराच्या चारी बाजूंनी रचल्या. आत जायला कवाड हवं, म्हणून वरच्या कोपऱ्यात, जिथून खाचरात उतरायची वाट होती, तिथे काट्यांचा एक झाप बांधला. तो उचलून बाजूला ठेवायचा आणि परत लावायचा. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी हंड्याने पाणी घालायचे, संध्याकाळी आई. भेंडीच्या लवेने हातांना खाज सुटते, म्हणून ती बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून शेतात जायची. बायका हसायच्या. "काय गो, नवरा वखारीत आन तू त्याच्या शर्टात?"

"त्याला तितं उकाडा होतो," आई म्हणायची.

सगळ्यात जास्त टोमणे अप्पांचे. अप्पा वरच्या आळीतले, गावकीत त्यांचा शब्द मोठा आणि गावात सर्वांत जास्त गुरंही त्यांचीच. रोज सकाळी गुरांमागे काठी टेकत ते आमच्या कुंपणाशी थांबायचे. "सूनबाई, भाताच्या खाचरात बागाईत? उद्या वहाळात मासे पेरशील."

"तुमी जाळं घेऊन या, अप्पा."

अप्पा हसायचे, पण कुंपणाकडे बघताना त्यांचा चेहरा हसत नसे. त्यांची गुरं डोहाकडे जायची ती आमच्या खाचरातूनच. आता ती लांबून वळसा घालून जात होती आणि वाटेतल्या खडकांवर म्हातारी गाय घसरायची. ते हे बोलले नाहीत आणि आईने विचारलंही नाही.

संक्रांतीच्या सुमारास भेंडीला पिवळी फुलं आली. माझ्या आईला मी क्वचितच शेतात नुसती उभी राहिलेली पाहिली आहे. तेव्हा पाहिली.

दोन-चार दिवसांनी मी पाणी घालायला गेले, तर झाप आडवा पडलेला आणि निम्मं शेत खाल्लेलं. शेंडे गेले होते, फुलं गेली होती, खाली नुसती खुंटं उभी होती. मी तशीच धावत घरी आले. आईने हातातला तवा खाली ठेवला आणि सरळ वरच्या आळीत गेली. मी मागोमाग.

अप्पा ओट्यावर दात घासत बसले होते. आई अंगणातच उभी राहिली आणि आळीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अप्पा, तुमच्या गुरांनी माझं शेत खाल्लं. तोंडाने थट्टा करत व्हता ते ठीक होतं. गुरं कशाला घातली?"

अप्पांनी चूळ भरली. तोंड पुसलं. "माझी गुरं अजून गोठ्यात हाएत. सोडलीच नाय."

"मंग आपोआप गेलं काय शेत?"

"चल," अप्पा म्हणाले आणि काठी घेऊन पुढे झाले. मागे आळीतली पाच-पंचवीस माणसं आली. भांडण बघायचं म्हटल्यावर घरात कोण थांबतं? पोरंटोरं, बायका, दोन म्हातारे, एक कुत्रा.

खाचरावर पोचलो तर आडव्या पडलेल्या झापाच्या आत, भेंडीच्या मधोमध, आमचाच तांबडा उभा. आमच्या नांगराचा बैल. मी धावत घरी गेले तेव्हा तो बहुतेक डोहावर पाणी प्यायला गेला असावा आणि आता उरलेलं संपवायला परत आला होता. त्याने मान वर करून सगळ्यांकडे बघितलं, आईला ओळखलं आणि पुन्हा खाली घातली.

कुणीतरी मागून फसकन हसलं आणि सगळी आळी हसायला लागली. आई बांधावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिच्या पोटातून हसूही येत होतं, आणि ती दोन्ही एकदमच थांबवायचा प्रयत्न करत होती.

कवाड आम्ही नेमकं त्या कोपऱ्यात बांधलं होतं, जिथून तांबड्याला वर्षानुवर्षं नांगराला उतरवत होतो. पावसाळ्यात तिथून कामाला, हिवाळ्यात तिथूनच चरायला. बाकी सगळीकडे करवंदीची जाड जाळी आणि त्याच्या रोजच्या दारात पातळसा झाप. त्याला तेवढं शिंगाने बाजूला करायला काय लागणार?

अप्पा तांबड्याजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "याला का बोल लावतेस? ह्या वर्षी शेत बंद हाय, हे याला कुनी सांगितलं नाय."

लोक परत हसले. अप्पा हसले नाहीत. हळू आवाजात ते म्हणाले, "आमाला पन कुनी सांगितलं नाय, सूनबाई."

आईने डोळे पुसले. "विचारलं असतं, तर तुमी हो बोलला असता?"

"नसतो बोललो. पन विचारायचं असतं."

तिने तांबड्याच्या गळ्यातलं दावं धरलं आणि त्याला बाहेर काढलं. वाटेत मला म्हणाली, "बापाला निरोप धाड. या आठवड्यात ये म्हनावं."

बाबा आले. शेत बघितलं, बैल बघितला. मला वाटलं ते म्हणतील, सांगितलं होतं ना, वाकडं नको. त्यांनी विचारलं, "मुळं शाबूत हाएत?" आई म्हणाली, हाएत. "मंग फुटंल."

रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. आई बाकीच्या बायकांबरोबर दाराबाहेर, मी तिच्या शेजारी. अप्पांनी बाबांना विचारलं, "काय म्हननं हाय तुझं?"

बाबा म्हणाले, "माझं काय नाय. मी तर वखारीत असतो. लावलं तिने, तिलाच विचारा."

देवळात बायकांनी बोलायची पद्धत नव्हती. कुणीतरी खाकरलं. अप्पांनी दाराकडे मान वळवली. "बोल, सूनबाई. इतं येऊन बोल."

आई उंबऱ्यापर्यंत आली. ती म्हणाली, "वहाळाच्या अलीकडची खाचरं पाडव्यापर्यंत बंद ठेवू. सगळ्यांचीच, माझं एकटीचं नाय. ज्याला लावायचं त्याने लावावं. पलीकडची खाचरं आन माळ गुरांना. पाडव्याला कुंपनं काढू, भेंडीची झाडं, पाला, सगळं गुरांचं."

"आन पानी?" अप्पा म्हणाले. "डोह अलीकडे हाय."

आईने वहाळाच्या दिशेने बघितलं. मला एकदम सरांच्या तासातला रिकामा फळा आठवला. देवळाच्या पडवीत भात कांडलेल्याचा कोंडा टोपलीत ठेवलेला होता. मी तो फरशीवर पसरला आणि बोटाने त्यात वहाळ काढला. मग खाचरं, मग डोह, मग घरं.

"वहाळ असा वळत नाय," एक म्हातारा म्हणाला आणि बोटाने कोंडा सरकवला. दुसऱ्याने माळ मोठा केला. तिसरा म्हणाला, माझं खाचर कुठंय, मला वगळलंस काय? माझा नकाशा पाहता पाहता माझा राहिला नाही. तो आधीपेक्षा बराच बरोबर झाला.

शेवटी अप्पांनी काठीचं टोक टेकवलं आणि दोन बांधांच्या मधून, आमच्या खाचराच्या कडेने, डोहापर्यंत एक रेघ ओढली. कोंड्यात फरशी उघडी पडली. "एवढी वाट गुरांना सोडा. दोन गुरं शेजारी चालतील एवढी रुंद. माझी म्हातारी खडकावर पडते."

आमच्या खाचराची एक पट्टी त्यात जात होती. आईने बाबांकडे बघितलंही नाही. "सोडली," ती म्हणाली.

"एक वर्ष बघू," अप्पा म्हणाले. आणि मग, उठता उठता, "पन कवाड तांबड्याच्या वाटेवर नको. त्याची अक्कल तुमच्यापेक्षा जुनी हाय."

बाबा पुन्हा वखारीत गेले, कारण हंगाम अर्धाच झाला होता. पण जाण्याआधी त्यांनी कवाड खालच्या कोपऱ्यात हलवलं आणि जुन्या जागी बोराटी दाट भरली. खाल्लेल्या भेंडीला खालून फुटवे आले. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन. तोडा उशिरा सुरू झाला, पण झाला. आई आणि मी पहाटे तोडायचो, पाट्या डोक्यावर घेऊन रस्त्यावर जायचो आणि मुरबाडच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत चढवायचो. पाडव्याला कुंपणं निघाली आणि गुरं आत आली. सर्वांत आधी कोण आलं असेल, ते सांगायला नको.

मी सरांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "पेपरात लिहिताना 'भूमी उपयोजन' असं लिही. पण लिहिताना अप्पांची रेघ डोळ्यांसमोर ठेव." मला त्या पेपरात चांगले गुण मिळाले. पदवी मिळाली, पुढे बी.एड. झालं, आणि आता मी शहापूरकडच्या एका शाळेत भूगोलच शिकवते. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांत आई-बाबांच्या बरोबरीने मी त्या कोंड्यावर बोटं फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही धरते.

सगळं सोपं झालं असं नाही. पहिल्या वर्षी अलीकडच्या बाजूला आणखी दोघांनीच काही लावलं. बाकीचे ट्रकातून जात राहिले. पुढच्या दशकात रस्त्याकडच्या काही जमिनी बाहेरच्या लोकांनी घेतल्या आणि सिमेंटच्या खांबांना काटेरी तारा लावून बंद केल्या. त्यांनीही कुणाला विचारलं नाही, आणि त्यांची कुंपणं पाडव्याला निघत नाहीत. पण डोहाकडची वाट अजून आहे. अप्पा गेले, त्यांची म्हातारी गाय त्यांच्याही आधी गेली, तरी ती पट्टी कुणी नांगरत नाही. वहाळाच्या अलीकडे आता हिवाळ्यात माळावरून बघितलं तर भेंडी, काकडी, वाल, असं हिरवं दिसतं. सर म्हणाले होते ती वर्तुळं आमच्याकडे गोल नाहीत. वहाळासारखी वळतात.

पण मला सांगायची आहे ती आईने म्हटलेल्या त्या पुढच्या दिवाळीची सकाळ. झोडणी झाली होती. गवताचा ट्रक रस्त्यावर आला आणि त्याने नेहमीसारखा हॉर्न दिला. आई चुलीपाशी होती. तिने बोरं केली नव्हती, पण पीठ मळून ठेवलं होतं. माझ्या लक्षात आलं, की बाबा काय करणार ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. मी वळकटीची सतरंजी शोधली. ती दोरीवर वाळत होती.

हॉर्न पुन्हा वाजला. थोड्या वेळाने ट्रकचा आवाज मुरबाडच्या बाजूला लांब जात गेला.

आई कोनाड्यात काहीतरी शोधायला लागली. "माझा शर्ट कुठं गेला गो? खाचरात जायचंय, कुंपनाला."

मी दारातून खाली बघितलं. वहाळाच्या अलीकडे बाबा बोराटीचा फाटा ओढत नेत होते. अंगात तोच जुना लांब बाह्यांचा शर्ट होता. तांबडा त्यांच्या मागे मागे चालला होता, आपल्या जुन्या दारापर्यंत.

"बाबांच्या अंगात आहे," मी म्हणाले.

आई बाहेर आली, हात कपाळाशी धरून खाली बघत राहिली. मग आत वळली. मळलेल्या पिठाची बोरं तिने तरीही तळली, आणि दुपारी आम्ही ती तिघांनी बांधावर बसून खाल्ली.